मंगळवारचा दात

तो मला मंगळवारी दिसला.
दिसला म्हणजे, आधी लागला.
सिर्मा माझं बोट चघळत होती, नेहमीसारखं,
आणि मधल्या पेराला
तांदळाच्या कणीसारखं काहीतरी टोचलं.

खिडकीपाशी नेऊन खालचा ओठ वाकवला.
हिरडीवर एक पांढरी रेघ,
सुईच्या नेढ्याएवढी.
बाहेर धुकं समुद्रावरून वर चढत होतं,
खाली गिरेसुनचं बंदर दिसेनासं झालेलं,
घड्याळात सव्वातीन.

आमच्याकडे रीत अशी, की
पहिला दात ज्याला आधी दिसेल
त्यानं बाळाला झबलं घ्यायचं.
म्हणून शेजारची शुक्रिये गेले दोन आठवडे
सिर्माच्या तोंडाकडे बघतच नाही,
तिच्या पायांशी बोलते.

झबल्याचं मला काय! शिवणावरच माझं पोट.
पण ग्युल्तेन तेव्हा फॅक्टरीत होती,
सकाळी सात ते संध्याकाळी सात,
पट्ट्यावरून वाहत येणाऱ्या हेझलनटांतून
किडके वेचत.
आणि दहा रात्री तिनंच काढल्या होत्या,
तापलेलं पोर खांद्यावर टाकून
चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत,
लाळेनं भिजलेला खांदा,
पोरीचा एक गाल लालबुंद,
कान ओढून ओढून सोललेला.
आणि दात यावा तो माझ्या पाळीत?

संध्याकाळी ती आली. बूट काढता काढता म्हणाली,
"काही?"
पोरीला दात आला होता
आणि दातखीळ माझी बसली.
"काही नाही. गाजर चघळलं थोडं."

बुधवारी मूग गिळून बसले.
गुरुवारी शुक्रियेलाही दिसला.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.
"पाय किती वाढले हिचे," म्हणाली, आणि घरी गेली.
जहाजावरून भावाचा फोन आला, दात आला का गं?
त्याच्याशीही खोटं बोलले.
मागे वारा फार होता, बरं झालं.

रात्री मशीन नको, आवाज होतो.
हातानंच शिवत राहिले,
पिवळं सुती, गिऱ्हाइकाच्या ब्लाउजमधून उरलेलं,
पाठीवर तीन बटणं.

शनिवारी ग्युल्तेनला अर्धा दिवस.
दही भरवत होती. चमचा आत गेला आणि
टिक.
आठवडाभर टरफलांच्या कडकडाटानं
दडे बसलेले तिचे कान,
पण हे तिला ऐकू आलं.
चमचा पुन्हा लावला. टिक.
मग ती ओरडली, मग रडली, सिर्मा घाबरून रडली,
शुक्रिये ओल्या हातांनी धावत आली,
"अगंबाई, खरंच की!"
इतकं सफाईदार खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"मीच पाहिला, मीच आधी," ग्युल्तेन म्हणाली,
मग नाक पुसत,
"म्हणजे झबल्याचा खर्च माझ्या गळ्यात.
पगार तर पंधराला."
मी कपाटातनं काढून तिच्या मांडीवर ठेवलं.
"पगार झाला की दे पैसे."

तिनं ते उलटून पाहिलं.
काजांवरून अंगठा फिरवला, तिन्ही.
असं झबलं एका दुपारी होत नाही,
शिंपिणीच्या घरात राहून एवढं कळतं.
बोलली काही नाही. पोरीला घातलं.

रविवारी गहू शिजवले, हरभरे, वर साखर,
बायका जमल्या,
मूठभर दाणे सिर्माच्या डोक्यावर सांडले.
पुढे काय होणार ते कळावं म्हणून
ताटात कात्री, वही, कंगवा मांडला होता.
तिनं ताटच ओढलं
आणि त्याच्या कडेला चावली.

रात्री दिवा मालवल्यावर
अंधारातून ग्युल्तेन म्हणाली,
"कोणत्या दिवशी?"
मी झोपेचं सोंग घेणार होते.
"मंगळवारी."
"किती वाजता?"
"सव्वातीन."

बराच वेळ काही नाही.
पोर झोपेत काहीतरी चोखत होतं.
"तेव्हा मी," ती म्हणाली, "चौथ्या पट्ट्यावर होते."
मग कूस बदलत,
"धुकं होतं का?"
"होतं."